खांदा अडकला तेव्हा

बाबा, आज दुपारी मी एका बाळाचं गळपट्टीचं हाड मोडलं. माझ्या हातांनी, मुद्दाम.

इथे सौदीत, राबिघच्या आमच्या क्लिनिकमध्ये मी ताप-खोकला, साखर, रक्तदाब एवढंच बघते. बाळंतपणं घ्यायची नाहीत ही तुमची सक्त ताकीद. तुमच्या दवाखान्यात ती बाई रक्तस्रावाने गेली आणि तिच्या माणसांनी तुम्हाला स्टुलाने झोडपलं, तेव्हा मी दारातच उभी होते. तुमचे दोन दात फरशीवर पडलेले. दुसऱ्या दिवशी बाळंतपणाचं टेबल तुम्ही स्वतः कुऱ्हाडीने फोडलंत. "डॉक्टर हो, पण यात हात घालू नकोस," म्हणालात, सुजलेल्या तोंडाने.

रिफायनरीत काम करणारा एक रत्नागिरीकर आज बायकोला उचलूनच आत आला. टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. ॲम्ब्युलन्सचा पत्ता नाही. केरळची नर्स म्हणते, "मॅडम, रहने दो, लायसन्स जाएगा." रहने दो काय? बाळ जांभळं पडतंय! तिच्यावर खेकसले, बाईचे पाय पोटाशी दाबायला लावले. आत हात घालून ओढलं, वळवलं. बाई गुरासारखी ओरडत होती. खांदा हलेना. तुम्हीच एकदा जेवताना सांगितलं होतंत, गुदमरलेलं मूल परत येत नाही, मोडलेलं हाड जुळतं. मी अंगठा रेटला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"माज्या पोराचं हाड मोडलंस!" म्हणत नवऱ्याने मागून माझा गळा आवळला. बाळ अर्धंच बाहेर, माझ्या हातात होतं, ते सोडलं नाही. कोपर त्याच्या नाकावर हाणलं, चांगलं जोरात. तो रक्ताळून खाली बसला आणि मूल बाहेर आलं, निपचित. चोळलं, श्वास दिला. रडलं एकदाचं! तोही रडायला लागला.

संध्याकाळी आमचे इजिप्तचे साहेब म्हणाले, "खलास. पुन्हा हात लावणार नाही म्हण, नाहीतर लेबर रूममध्ये जाऊन रीतसर शीक." मी लेबर रूम मागितली. गळा सुजलाय, थुंकी गिळवत नाही, पण त्या माणसाचा राग येत नाही. राग तुमचा येतो. तुम्ही थांबलात आणि आपल्या गावच्या बायका तालुक्याच्या वाटेवर, जीपमध्ये बाळंत व्हायला लागल्या. दोघी वाटेतच गेल्या. हे तुम्ही जाईपर्यंत तुम्हाला कुणी ऐकवलं नाही. मी तरी कुठे ऐकवलं? मला तुमची फार भीती वाटायची, बाबा. आत्तासुद्धा हे तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच लिहू शकले.