गाडी अजून तुमच्याच नावावर आहे

अण्णा, हौसेनं हिंडणं म्हणजे फुकटचं पेट्रोल जाळणं, हे तुमचं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत न्हाय. कामाशिवाय माणसानं गाडी बाहेर काढायचीच न्हाय का? तुम्ही काढली न्हाय, हे खरं. तामलवाडीच्या आसपासची सात गावं, दोन्ही वेळचं दूध गोळा करायचं, डेअरीत घालायचं, की फटफटी पत्र्याखाली. मी पंधरा वर्षांचा असताना न विचारता ती घेऊन नळदुर्गला गेलो, किल्ल्यातलं पाणी कोसळताना बघत बसलो, आणि संध्याकाळचं दूध लोकांच्या दारात तसंच राहून नासलं. तुम्ही मारलं न्हाय. दुसऱ्या दिवशी डेअरीवर चार माणसांत एवढंच म्हणालात, "आमचं ध्यान पाणी बघाय गेलतं. घरी रांजणात कमी पडलं व्हतं जणू." सगळे हसले. त्या हसण्यावरून मी तुमच्याशी किती दिवस बोललो न्हाय, ते तुम्हाला माहीत आहे. शाळा सोडली ती पण त्याच तिरमिरीत.

आता ऐका. मी सध्या बिहारात आहे, रक्सौलजवळ, रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो. नेपाळची हद्द इथून इतकी जवळ की चहा प्यायला जाऊन यावं. गाडी गेल्या वर्षी सोलापुरातून रेल्वेनं मागवून घेतली. साईटवर एक नेपाळी वेल्डर आहे, माझ्यापेक्षा थोराड, तोंडाचा फटकळ. दुपारच्या सुट्टीत आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर खडूनं रस्ता काढतो. बीरगंज, हेटौंडा, तिथून मोठा रस्ता सोडायचा आणि दामनचा जुना घाट धरायचा, पलीकडं उतरलं की पालुंग, तिथं त्याची मावशी. आठ दिवसांची सुट्टी मंजूर झालीय. तो सांगतो, घाटात वीसच्या वर जायचं न्हाय, वळणावर म्हैस उभी असती आणि ती हॉर्नला मोजत न्हाय. लॉज शोधायचं न्हाय, मावशीकडंच उतरायचं, तिथं बटाटा लई. दुधाच्या किटल्या अडकवायचा तुमचा लोखंडी सांगाडा अजून गाडीला आहे. तो म्हणाला कापून टाकतो, शोभत न्हाय. मी कापू दिला न्हाय. म्हणलं बॅगा अडकवायला बरा पडतो. मग त्यानं एक बाजू वाकली होती ती सरळ करून दिली.

गेल्या रविवारी हद्दीवर चौकशीला गेलो. गाडी तिकडं न्यायची तर दिवसाच्या हिशोबानं परवाना काढावा लागतो. खिडकीतल्या माणसानं आरसी बघितली, माझं मतदान कार्ड बघितलं, आणि विचारलं, मालक कोण? मी म्हणालो, वडील. तो म्हणाला, मग त्यांचं पत्र आणा, मुलाला गाडी न्यायला माझी परवानगी आहे म्हणून. आणि मी म्हणालो, आणतो.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली अण्णा. रेशनकार्डावरचं नाव आम्ही कमी केलं, सातबाऱ्यावरचं केलं, बँकेतलं केलं. गाडीचं राहिलं, कारण आपल्याकडं ते करतं कोण? तुळजापूरपासून सोलापूरपर्यंत कुणी अडवलं तर दूधवाल्याची गाडी म्हणलं की भागायचं. मेलेल्या माणसाच्या नावावर गाड्या आपल्या गावात किती फिरत असतील, मोजायला लागलं तर बोटं पुरायची न्हाईत.

वेल्डर म्हणाला, एवढं काय त्यात, तूच लिही आणि तूच सही कर. तुमची सही तर मला येती. सहावीपासून येती, प्रगतिपुस्तकावर करायचो, तुम्हाला कधी कळलं न्हाय. म्हणून कागद घेऊन बसलो. 'मी खाली सही करणार, माझ्या मुलास गाडी फिरायला नेण्यासाठी' इथवर आलो आणि पेन पुढं जाईना. हे वाक्य तुमच्या तोंडी बसतच न्हाय. आणि असं म्हणतोय तोवर सोलापूरचा दवाखाना आठवला. खिडकीजवळची खाट, तुमचे पाय सुजलेले, मी डबा घेऊन बसलोय. तुम्ही बाहेर बघत म्हणताय, "बरा झालो की जाऊ की दोघं."

"कुठं?"

"कुठंबी. जिथं दूध घालायचं न्हाय तिथं."

डेअरीवरचं ते हसणं माझ्या मनातून अजून गेलेलं नव्हतं. मी म्हणालो, आधी उठा तरी. आणि खाली चहा प्यायला निघून गेलो. तीन दिवसांनी तुम्ही गेलात. त्या तीन दिवसांत तुम्ही तो विषय काढला न्हाय आणि मीही न्हाय.

मग तो कागद फाडला आणि आईला फोन केला की गाडी माझ्या नावावर करून घेऊ, तुझा आणि ताईचा अंगठा-सही लागंल. ती म्हणाली, "म्हंजी त्यान्ला परत एकदा पोचवून यायचं का?" मी फोन ठेवला. दोन दिवस पुन्हा लावायची हिंमत झाली न्हाय. गोणीवरचा रस्ता पण पुसून टाकला, वेल्डरला म्हणलं, राहू दे, तू एकटा जाऊन ये. त्यानं मला नेपाळीत काहीतरी हासडलं.

काल तिचाच फोन आला. ताई कळंबवरून येणार आहे, दोघी मिळून धाराशिवला जाऊन कागद करून देणार आहेत. फक्त जुन्या आरसीची एक झेरॉक्स काढून लॅमिनेशन करून तिला पाहिजे. कशाला, ते मी विचारलं न्हाय. तिकडं थंडी असती का, एवढं तिनं विचारलं. मी म्हणालो, असती.

हे पत्र मी कुठं टाकणार न्हाय. टाकायचं तर पत्ता काय घालू? पण एक कबूल करतो. त्या खिडकीत 'आणतो' म्हणालो ती थाप नव्हती. तिथून निघून वीसेक पावलं चालेपर्यंत मला खरंच एवढीच काळजी होती की अण्णांना विचारायचं कसं. मग ध्यानात आलं आणि मी तिथंच रस्त्याच्या कडंला बसलो. लोकांना वाटलं, ऊन लागलं. महिना-दोन महिन्यांनी नवी आरसी हातात येईल, तिच्यावर माझं नाव असंल, सुट्टी तोवर पुढं ढकलून घेईन, आणि मी जाईन, आता जाणारच आहे. आईला आज पैसे पाठवतोय. दोघींचं एसटीचं भाडं, स्टॅम्प, एजंट, ती झेरॉक्स, सगळं धरून तीन हजार दोनशे रुपये.