एकाच शिफ्टचं प्रेम

२६ मे, रविवार
पोचलो. कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप नाही. हे आज एकदाच लिहितोय, पुन्हा लिहिणार नाही.
मार्चमध्ये केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हॅडली सहज म्हणाली होती की उन्हाळ्यात ती या नॅशनल पार्कात काम करणार आहे. मुली असलं काही सहज म्हणत नसतात. मी पुढच्याच आठवड्यात कॉलेज सोडलं आणि इथे अर्ज केला. अर्जात ‘पार्कात कुठे काम करायला आवडेल?’ असा रकाना होता. मी ‘कुठेही’ लिहिलं. प्रेमात अटी घालायच्या नसतात.
हॅडली उत्तरेच्या लॉजच्या डायनिंग हॉलमध्ये आहे. मला दक्षिणेला तळ्यावर टाकलंय, दुकानातल्या आइस्क्रीमच्या काउंटरवर. मधे तीन तासांचा रस्ता. रस्त्यात बायसन, म्हणजे इथले गवे, बसले तर किती, ते बायसनवर. माझ्याकडे गाडी नाही.
तीन तास म्हणजे काहीच नाही.

२७ मे
इथे माझ्याखेरीज सगळे म्हातारे आहेत. मला वाटलं टुरिस्ट असतील. स्टाफ निघाला. नवरा-बायकोच्या जोड्याच्या जोड्या. रिटायर झाले, घराला कुलूप घातलं, चाकांवरचं घर म्हणजे कॅरॅव्हॅन घेतली, आणि आता मे ते ऑक्टोबर पार्कात चादरी धुतात, कॉफी ओततात, अस्वलं कुठे दिसतील ते सांगतात. दुकानामागे त्यांच्या कॅरॅव्हॅनची रांगच आहे. दारापुढे पायपुसणी, कुंड्या, एकीपुढे तर लाकडी बदकसुद्धा.
माझ्या काउंटरच्या प्रमुख ओपल स्टेन्सरुड, मिनेसोटाच्या. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेल्या. माझा पहिला स्कूप पाहून म्हणाल्या, “बाळा, आइस्क्रीम काढायचंय, विहीर नाही खणायची.”
राग गिळला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली राज्याचं नाव असतं, त्यामुळे मला सगळे ‘आयोवा’ म्हणतात. तोही गिळला.
संकल्प: या उन्हाळ्यात राग बंद.

३० मे
राग आला. पण रास्त होता. एक टुरिस्ट कोन बघून म्हणाला, “एवढंच?” मी अख्खा डबा उचलून त्याच्यापुढे आदळला आणि म्हटलं, घ्या, चाटा. मॅनेजर ट्रूडीनं मला गोदामात खोकी लावायला पाठवलं. राजीनामा लिहून दिला. संध्याकाळी परत मागायला गेलो तर तिनं त्यावर कॉफीचा मग ठेवलेला. वाचलाच नव्हता.

८ जून
आज एक भयंकर गोष्ट लक्षात आली. ओपलचे यजमान वर्लिन याच दुकानात गल्ल्यावर असतात. पण ओपल सकाळच्या शिफ्टला आणि वर्लिन दुपारनंतरच्या! दोघांची गाठ पडते ती फक्त हजेरीच्या मशीनपाशी. त्या म्हणाल्या, “कुत्र्याला फिरवून आणलंस?” ते म्हणाले, “आणलं.” त्या म्हणाल्या, “गोळी?” ते म्हणाले, “घेतली.” संपलं. हा चाळीस वर्षांचा संसार! माझे डोळे भरून आले.
संध्याकाळी वर्लिनना एकटं गाठून विचारलं, तुम्हाला आतून काही दुखत नाही का? ते म्हणाले, “दुखतं की. डावा गुडघा.”
माणसं दुःख अशी लपवतात. या वस्तीत सध्या प्रेमात असलेला एकटा मीच आहे. तेव्हा जबाबदारी माझ्यावरच येते.

१४ जून
काम फत्ते. ट्रूडीला सांगितलं, माझी सकाळची शिफ्ट वर्लिनना द्या, त्यांची मी घेतो. ट्रूडीनं विचारलं, “त्यांना विचारलंस का?” म्हटलं, सरप्राइज आहे. तिला फोनवर फोन येत होते, तिनं वेळापत्रक बदललं.
हा माझा निव्वळ त्याग आहे. वर्लिनच्या शिफ्टला बुधवारी सुट्टी असते, आणि हॅडलीलाही बुधवारीच असते, हा योगायोग.
नवं वेळापत्रक भिंतीवर लागल्यावर वर्लिन कितीतरी वेळ त्याच्यापुढे उभे होते. आनंदानं माणसाची वाचा जाते, हे ऐकलं होतं. आज पाहिलं.

१९ जून, बुधवार
वर्लिननी स्वतःहून गाडी दिली. म्हणाले, “ने. आणि थांब, मीही येतो.” मी नाही म्हटलं. काही भेटी एकट्यानं घ्यायच्या असतात.
वाटेत बायसन बसलेच होते. हॉर्न दिला. बायसननं गाडीकडे असं पाहिलं, की मी खिडकी लावून घेतली.
हॅडली कपडे धुवायच्या खोलीत होती. मला बघून म्हणाली, “तू? इथे? आणि कॉलेज?” म्हटलं, सोडलं. म्हणाली, “का?” मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, “डोळ्यात काही गेलंय का?” मग तिनं मला मोजे जुळवायला दिले.
मोजे. जोडीजोडीनं. एखादी मुलगी याहून स्पष्ट काय बोलणार?

२९ जून
स्टेन्सरुडांचं प्रेम जागं होतंय. पण आवाज फार होतोय.
आज वर्लिन गल्ला सोडून आइस्क्रीमच्या काउंटरपाशी आले आणि रांगेदेखत म्हणाले, “अगं, मधून नको, कडेनं काढ.” ओपल म्हणाल्या, “शाळेत हजार पोरांना मी वाढलंय. तू जन्मभर धान्याच्या कोठारात गहू मोजलास. जा, गहू मोज.” वर्लिन म्हणाले, “इथे गहू नाही.” ओपल म्हणाल्या, “मग पिस्ते मोज, पण तिकडे जा.” रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.
कामावरून सुटले की दोघं एकाच वेळी कॅरॅव्हॅनमध्ये. आत टेबल पाडलं की त्याचाच पलंग होतो. म्हणजे एकाला जेवायचं असेल तर दुसऱ्यानं उठायला हवं. ओपल आता बाहेर कोट घालून, डास मारत खुर्चीवर बसतात. वर्लिन कुत्र्याला घेऊन माझ्या खोलीत येतात. मी कामावर असतो, ते माझ्या पलंगावर. परत येतो तेव्हा उशीवर केस असतात. कुत्र्याचे, बहुतेक.

७ जुलै
स्टाफच्या जेवणघरात दोघं एकाच टेबलाशी, मधे मी. ओपल म्हणाल्या, “आयोवा, तुझ्या शेजारच्या गृहस्थांना मीठ द्यायला सांग.” वर्लिन म्हणाले, “आयोवा, बाईंना सांग की डॉक्टरांनी मीठ बंद केलंय.” ओपल म्हणाल्या, “गृहस्थांना सांग, डॉक्टरांनी तोंडही बंद करायला सांगितलं होतं.”
मी सगळे निरोप इमानानं पोचवले. शेवटी मीच उठून ओरडलो, की तुम्हाला प्रेमाची किंमत नाही! सगळं जेवणघर वळून बघायला लागलं. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. आठवड्यातलं पहिलं हसू. माझ्या रागाचा असाही उपयोग होतो.

११ जुलै
ओपल बॅग भरताहेत. मुलीकडे फार्गोला चालल्या.
ट्रूडीनं मला बोलावून घेतलं. जोडीची जागा जोडीलाच मिळते. एकानं नोकरी सोडली की दुसऱ्यालाही कॅरॅव्हॅन हलवावी लागते. म्हणाली, “बारा उन्हाळे येताहेत रे ती दोघं. तू एका महिन्यात वाट लावलीस.”
धावत ओपलकडे गेलो. हातात स्कूप होता त्यांच्या. म्हणाल्या, “रिटायर झालो त्या हिवाळ्यात आम्ही दोघं दिवसरात्र घरात होतो. तो माझ्या पातेल्यांची झाकणं लावून ठेवायचा, आकारानुसार! फेब्रुवारीपर्यंत मी वकिलाचा नंबर शोधून ठेवला होता. मग शेजारणीनं पार्कातल्या या नोकऱ्यांचं सांगितलं. अर्जात आम्ही एकच अट घातली, शिफ्ट वेगळ्या हव्यात. दिवसभर त्याचं तोंड दिसत नाही, म्हणून तो घरी आला की मला बरं वाटतं, कळलं? आणि तू, बाळा,” असं म्हणून त्यांनी स्कूप माझ्यावर रोखला. पुढचं वाक्य त्या लूथरन चर्चच्या, शिवी न देणाऱ्या असल्यामुळे बोलल्या नाहीत.

१२ जुलै
शिफ्ट पूर्ववत केल्या. प्रयोग यशस्वी झाल्यामुळे तो पुढे चालवायची गरज नाही, असं ट्रूडीला समजावलं. तिनं दाराकडे बोट दाखवलं.
दुपारी हजेरीच्या मशीनपाशी ओपलनी वर्लिनची कॉलर नीट केली. वर्लिन म्हणाले, “काल करमलं नाही.” त्या म्हणाल्या, “काल मी दिवसभर समोरच होते.” ते म्हणाले, “तेच तर.” दोघं इतकी हसली की वर्लिनना गुडघा धरावा लागला.
बॅग रिकामी झाली. हे श्रेय माझं.

१५ जुलै
अर्थात, हे झालं म्हाताऱ्यांचं प्रेम. हॅडलीचं आणि माझं तसं नाही. उत्तरेच्या लॉजला बदलीचा अर्ज केला. यावेळी रकाना नीट भरला: डायनिंग हॉल, हॅडलीची शिफ्ट, हॅडलीची सुट्टी.
ओपलनी विचारलं, “तिला विचारलंस?” म्हटलं, तिला कळेलच. त्यांनी मला दोन स्कूप दिले. स्टाफला त्या कधी देत नाहीत.

२ ऑगस्ट
बदलीचं उत्तर: जागा नाही.
एप्रन काढून भिरकावला. व्हॅनिलात पडला. राजीनामा. गोदाम. राजीनामा परत.

१७ ऑगस्ट, शनिवार
बदली मंजूर! उत्तरेला एकदम पुष्कळ जागा रिकाम्या झाल्यात म्हणे. का, ते विचारलं नाही. नशीब दार उघडतं तेव्हा चौकशा करत बसू नये.
ओपल काहीतरी सांगणार होत्या. मी म्हटलं, आता काही बोलू नका, मला रडू येईल. त्या वर्लिनना म्हणाल्या, “तू सांग गाडीत.” हॅडलीसाठी काय न्यावं? मोजे घेतले. दुकानातले, बायसनचं चित्र असलेले. एक जोडी माझ्यासाठीही.

२१ ऑगस्ट, बुधवार
वर्लिननी गाडीनं सोडलं. निघाल्या निघाल्या ते म्हणाले, “हे बघ पोरा, ऑगस्टच्या मध्याला ही कॉलेजची मुलं...” मी त्यांना अडवलं आणि माझं प्रेम पहिल्यापासून सांगितलं. उत्तरेचं लॉज आलं तेव्हा मी पहिल्या लॅबपर्यंतच पोचलो होतो.
हॅडली नाही. शुक्रवारीच गेली. ती, आणि तिच्या वयाचे सगळे. कॉलेजं सुरू झाली.
दरवर्षी याच सुमाराला सुरू होतात. मला हे माहीत असायला हवं होतं. मी स्वतः दोनदा गेलोय. पार्कात म्हाताऱ्या जोड्या का घेतात, तेही आत्ता कळलं: त्यांना ऑगस्टात कुठे जायचं नसतं.
वर्लिननी माझी बॅग आत ठेवली, पाठीवर थोपटलं, आणि ओपल शिफ्टवरून सुटायच्या आत पोचायचं म्हणून लगेच निघाले.
डायनिंग हॉलचे प्रमुख आर्विड, साउथ डकोटा. वय सत्तरीच्या घरात. गुडघ्याला पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, “तूही पळणार असशील ना आता कॉलेजला?” मी म्हटलं, नाही. कॉलेज मी सोडलंय.
त्यांनी पट्टा तसाच सोडला आणि माझे दोन्ही हात धरले. “सोडलंस? अरे, फार चांगलं केलंस!” मग आत बघून बायकोला हाक मारली, “बर्निस, ये गं लवकर! हा पोरगा ऑक्टोबरपर्यंत आहे!” बर्निसबाई धावत आल्या आणि मला मिठी मारली.
मार्चपासून मी ‘फार चांगलं केलंस’ हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो. अगदी याच शब्दांत, हात असेच धरून. फक्त माझ्या डोळ्यांपुढे जी व्यक्ती होती, तिच्या गुडघ्याला पट्टा नव्हता.