नदीकाठचे घर हालाला

मी, दियोलिंदा फ्रागोसो, अर्मिंदो फ्रागोसो या गवंड्याची विधवा, वय वर्षे एक्याऐंशी, जन्म उत्तर पोर्तुगालातला, राहणार फ्रान्समधील साँ-मोरेल, नदीकाठची गल्ली, माझी इच्छा नोटरी वासर यांच्यासमोर सांगत आहे आणि ते ती लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा येथे संबंध नाही. 'कोणाच्याही दडपणाखाली नाही' असे लिहिण्याची रीत आहे. दडपण आहे. त्याला न जुमानता सांगते आहे, असे लिहावे.

पहिले. मला मूलबाळ नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा रुई ल्यों शहरात असतो. त्याला अर्मिंदोची सर्व हत्यारे द्यावीत : छिन्न्या, हातोडे, गुण्या, ओळंबा. रुईला भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही, तरी द्यावीत. त्याने ती विकू नयेत. "मावशी, घर विकून टाक आणि माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात ये, तिथे बागसुद्धा आहे," असे तो मला गेली काही वर्षे सांगतो. तो वाईट नाही. पण माझी बाग इथे आहे.

दुसरे. त्या बागेविषयी. मी या गावात आले तेव्हा अर्मिंदो चर्चच्या मनोऱ्याचे काम करत होता. मला भाषेतले तीनचार शब्द येत होते. पावाच्या दुकानात मी बोट दाखवायची आणि मागच्या बायका हसायच्या. गावाने मला माझ्या नावाने हाक मारली नाही, नुसतेच 'ती पोर्तुगीज' म्हणत. मी परसात आमच्याकडचा उंच वाढणारा कोबी लावला. शेजारीण ओदेत लाब्रूस कुंपणावरून म्हणाली, "बाई, हा कोबी आहे की झाड? गाईला घालता की माणसांना?" मी म्हटले, "दोघांना. या जेवायला." माझे बोलणे इतके मोडके होते की ती चिडायची विसरली आणि हसली. ती आली मात्र बऱ्याच वर्षांनी.

अर्मिंदो परांचीवरून पडला, तेव्हा त्याला खांद्यावर घालून घरापर्यंत आणले ते ओदेतच्या नवऱ्याने, गास्तोंने. त्या संध्याकाळी ओदेत माझ्या स्वयंपाकघरात सूप घेऊन आली. माझी भांडी घासून गेली. त्यानंतर आम्ही एकमेकींच्या घराच्या चाव्या ठेवू लागलो. बागेतला जो अलुबुखाराचा फांदा तिच्या बाजूला गेला आहे, त्याची फळे तिचीच राहावीत. घर कोणाकडेही गेले तरी तो फांदा तोडू नये.

तिसरे, आणि यासाठीच मी नोटरींना बोलावले. माझे घर, बाग आणि आतील सर्व सामान मी हाला दरविश हिला देत आहे. ती आणि तिचा नवरा नजीब सीरियातून आले. तो लाकडाच्या वखारीत कामाला आहे, ती शिवण करते. सध्या ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. रक्ताचे नाते नसलेल्याला घर दिले तर सरकार निम्म्याहून अधिक कर घेते, असे नोटरींनी मला दोनदा समजावले. माझी बँकेतली शिल्लक त्या करात घालावी. उरल्यास हालाची.

गाव विचारील, का? तर ऐका.

नगरपालिकेने त्यांना जुन्या टपाल कार्यालयावरच्या खोल्या दिल्या होत्या. हिवाळा संपत आला तेव्हा गावात एक अर्ज फिरू लागला, त्यांना दुसरीकडे हलवा म्हणून. ओदेत एका सकाळी सफरचंदाचा केक घेऊन आली आणि केकशेजारी तो कागद ठेवला.

"सही कर गं. तुझं नाव वरती असलं की कोणी म्हणायचं नाही आम्ही परक्यांच्या विरोधात आहोत."

"माझं?"

"तुझंच! अगं, तू कुठली परकी? तू तर आपलीच."

हे वाक्य ऐकायची मी किती वाट पाहिली होती! अर्मिंदो जिवंत असता तर त्याला हाक मारून सांगितले असते. आणि आले ते असे. मी कागदावरून बोट फिरवू लागले. ओदेतला वाटले, मी सहीची जागा शोधते आहे. तिने पेन माझ्या बोटांत धरवले.

मी पेन खाली ठेवले. "ओदेत, त्यांनी तुझं काय घेतलंय?"

"अजून काही नाही. पण लोक घाबरलेत."

"माझ्याही वेळी घाबरले होते."

"तुझं वेगळं होतं."

"तेव्हा तू असं म्हणत नव्हतीस."

ती उठली. केक घेऊन गेली नाही, इतके तिचे लक्ष उडाले होते. त्यानंतर पावाच्या दुकानात मी शिरले की बोलणे थांबू लागले. गुरुवारच्या पत्त्यांच्या डावात माझी खुर्ची दुसऱ्याला दिली. ते मी सोसले. पण एका दुपारी दारातल्या पत्रपेटीत काहीतरी खणकन पडले. पाहते तर माझ्या घराची चावी. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ती हातात घेऊन जिन्यावर बसले आणि अर्मिंदो गेला तेव्हा रडले नव्हते इतकी रडले.

अर्जाचे जे व्हायचे ते झाले. टपाल कार्यालयाच्या इमारतीत अचानक दुरुस्ती निघाली आणि त्यांना खोल्या सोडायला सांगितले. मी हालाला म्हटले, "सामान बांध आणि वर ये." ती पहिल्या दिवशी विचारू लागली, "मादाम, इथले लोक आपलं म्हणायला किती दिवस लावतात?" मी म्हणाले, "लवकर म्हणतील." हे खोटे होते. तिला घर मिळावे म्हणजे निदान त्यांच्या म्हणण्यावर तिचे राहणे अवलंबून राहणार नाही.

रुईने यावर दावा लावू नये. लावलाच तर हत्यारेही हालाला जावीत.

चौथे. माझे दफन. माझ्या जन्मगावी बहिणीने कुटुंबाच्या थडग्यात माझी जागा ठेवली आहे, तिचे उपकार. पण ऑगस्टमध्ये तिकडे गेले की मला सगळे 'फ्रान्सवाली' म्हणतात. मला येथेच, दफनभूमीच्या भिंतीलगत, अर्मिंदोजवळ पुरावे. मातीत गेल्यावर तरी मी या गावची होईन, असे मला वाटत नाही. पण तो तिथे एकटा आहे.

साक्षीदारांसाठी मला पुष्कळ फिरावे लागले. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार चालत नाही आणि ज्यांना काही मिळणार नाही त्यांना त्या दिवशी नेमके काम होते. शेवटी निवृत्त टपालवाली सिमोन बारो तयार झाली. दुसरे नाव मिळेना. आज सकाळी मागच्या दाराने गास्तों लाब्रूस आला, टोपी हातात घेऊन. मी म्हटले, "गास्तों, ओदेत अर्जाच्या बाजूची आहे."

"ठाऊक आहे. अर्जावर माझीही सही आहे." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "हे कधी वाचतात?"

"मी मेल्यावर."

"मोठ्याने?"

"नोटरी वाचतील."

त्याने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तोपर्यंत तिला सांगू नका. पण वाचतील तेव्हा माझं नाव नीट उच्चारून वाचायला सांगा."

हे त्याच्या सांगण्यावरून येथे नमूद केले. सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

साँ-मोरेल, दिनांक ७ ऑक्टोबर २०१९

दियोलिंदा फ्रागोसो (सही)

साक्षीदार : सिमोन बारो (सही)
साक्षीदार : गास्तों लाब्रूस (सही)

माझ्यासमोर : वासर, नोटरी