रुखवतातली चॉकलेटं

राजारामपुरी, कोल्हापूर
४ मे २००२

तीर्थरूप अव्वास विद्याश्रीचे शरणु शरणार्थी.

आपल्या धाकट्या सौंदर्याच्या रुखवतासाठी चॉकलेटचे गोळे करून बघितले. क्लासात आत हेझलनट घालायला सांगितलेलं, मी तू दिलेले आजऱ्याचे काजूच घातले. लाडवागत तळव्यावर वळायला गेले, तर हातातच पातळ झाले. काल तीनदा केले. हात गप्प बसंनात.

अप्पांचा गुडघा कसा हाय? मी मजेत हाय.

अडचण एकच. मांडवातल्या उकाड्यात हे टिकायचे न्हाईत. रुखवत बघायची वेळ होईपर्यंत ते फ्रीजमध्येच राहू देत. मी आत फ्रीजपाशीच बसेन. "धाकटीचं आधी कसं? थोरली कुठाय?" असं पावण्यांनी विचारलं, तर थोरली चॉकलेटं राखतीय, एवढंच सांग.

तुझी,
विद्या