काचेखालची पाने

शनिवार, ४ सप्टेंबर १९९९. पेनार्थ, वेल्स

पुढे वाद उद्भवू नये म्हणून वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते.

एक — गेली अठ्ठावीस वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी माझा नवरा एल्विन लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या खोलीत पोकर खेळायला जातो. दुकान इड्वल पास्कचे. खोली त्याचीच. धूरही बहुतांशी त्याचाच.

दोन — गेल्या मे महिन्यात कार्डिफच्या एका टीव्ही कंपनीने पोकरच्या स्पर्धेसाठी खेळाडू मागवले. एल्विनने मला न विचारता अर्ज केला. निवडलाही गेला!

तीन — त्यावरून आमच्यात करार झाला. मसुदा माझा. एल्विन स्पर्धा जिंकला, तर पत्त्यांविरुद्ध मी आयुष्यात अवाक्षर काढायचे नाही. हरला, तर त्याने गुरुवारच्या त्या टेबलावर पुन्हा बसायचे नाही. निकाल टीव्हीवर दिसेल त्या दिवसापासून अंमल. दोघांच्या सह्या आहेत.

चार — जुलैत चार दिवसांत सगळी स्पर्धा चित्रित झाली. निकाल कोणालाही, बायकोलासुद्धा, सांगणार नाही अशा कागदावर एल्विनने सही केली आहे. म्हणजे निकाल लागलेला आहे. तो याच घरात आहे. समोर बसून बारा ब्रिथच्या, म्हणजे आमच्या वेल्श मनुकापावाच्या, तिसऱ्या तुकड्याला लोणी फासतो आहे. आणि मला तो ठाऊक नाही!

पाच — पहिला भाग काल दाखवला, तोही सभ्य माणसे झोपलेली असतात अशा वेळी. मी तो व्हिडिओवर टिपून आज चारच्या चहाबरोबर पाहिला.

आता मत. माणसे पत्ते खेळताना पाहणे म्हणजे दुसऱ्याला जेवताना पाहणे, अशी माझी समजूत होती. ती दुरुस्त करावी लागते आहे. टेबलाच्या कडेला काचेची पट्टी बसवली आहे आणि तिच्याखाली कॅमेरा. खेळाडू आपली दोन झाकली पाने त्या काचेवर ठेवतो, ती त्याच्याखेरीज फक्त आपल्याला, पाहणाऱ्यांना, दिसतात. मग मधोमध पाच पाने एकामागून एक उघडतात, ती सगळ्यांची. टेबलावरचा प्रत्येक जण अंधारात, आणि सोफ्यावर बसलेल्या मला सर्व ज्ञात. लॅटिन शिकवण्यात आणि उपमुख्याध्यापिका म्हणून सव्वीस वर्षे काढलेल्या बाईला ही जागा अनोळखी नाही.

एल्विनच्या हातात सत्ती आणि दुर्री होती. याहून भिकार जोडी नाही म्हणे. तरी त्याने पैशांच्या जागी असलेल्या चकत्यांपैकी अर्ध्या पुढे सारल्या! समोरच्या दंतवैद्याने दोन राण्या हातात असूनही पाने टाकून दिली.

‘थापाड्या!’ मी म्हटले.

‘हूल म्हणतात त्याला, बाईसाहेब.’

‘फरक काय?’

‘थाप मारायला तोंड उघडावं लागतं.’

त्या टेबलावर तो पहिला आला. उपांत्य फेरी १ ऑक्टोबरला. शेजारी बसून तो हे सगळे असा पाहत होता, की जणू काही हवामानाचा अंदाज चालू आहे. तीस वर्षे वाहन परवान्याचा परीक्षक होता. उमेदवार गाडी झाडावर घालत असला तरी चेहरा हलू न देण्याचा त्याला पगार मिळे.

रविवार, ५ सप्टेंबर

तोच भाग पुन्हा पाहिला. केवळ समालोचकाच्या भाषेतल्या चुका मोजण्यासाठी. एकोणीस.

बुधवार, ८ सप्टेंबर

तिसऱ्यांदा पाहिला आणि शोध लागला! एल्विनने त्या भागात तीनदा हूल दिली. तिन्ही वेळा, चकत्या पुढे सारल्याबरोबर, त्याने कोटाच्या डाव्या खिशातून पेपरमिंट काढून शेजाऱ्यापुढे धरले. ‘घ्या की एक.’ हातात खरी पाने असताना एकदाही नाही. तीनपैकी तीन! टेबलावरच्या पाच जणांना दिसले नाही, समालोचकाला दिसले नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मलाही दिसले नव्हते, पण तेव्हा फीत मागे फिरवण्याची सोय नव्हती.

गुरुवार, ९ सप्टेंबर

एल्विन पास्ककडे. एकटीने जेवले. पश्चिम किनाऱ्यावर पावसाची शक्यता.

रविवार, १२ सप्टेंबर

आज प्रयोग केला. भांडी पुसता पुसता, सहज, पाठ त्याच्याकडे करून विचारले, ‘एल्विन, हरलास ना?’

‘सही केलीय, बाईसाहेब.’

‘हो की नाही, एवढंच सांग.’

‘हरलो.’

‘खरंच?’

‘दारुण हरलो गं. आता शांतपणे बशा पूस.’ आणि डाव्या खिशात हात घालून — ‘घे, पेपरमिंट घे.’

मी ते घेतले. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

तर मग जिंकला आहे! म्हणजे ऑक्टोबरपासून मला मरेपर्यंत मौन. सवय करायला हवी. आजपासूनच सुरुवात केलेली बरी.

शनिवार, १८ सप्टेंबर

मौन पाळायचे तर ज्याविषयी पाळायचे ते नीट कळलेले असावे. म्हणून पत्त्यांचा एक जोड विकत आणला. सकाळी एल्विन बागेत असताना जेवणाच्या टेबलावर सहा जणांची पाने वाटून शक्यता काढत बसते. लॅटिनच्या अपवादांपेक्षा अवघड नाही, आणि पुष्कळच प्रामाणिक आहे.

आज शेजारच्या मिसेस बेनन मागच्या दाराने न वाजवता आत आल्या. मी पंजीची जोडी हातात घेऊन बसलेली.

‘लॅटिनचं काही चाललंय का, बाई?’

‘हो,’ मी म्हटले.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

टीव्ही कंपनीला पत्र धाडले होते. पडद्यावर तीन खेळाडूंच्या जिंकण्याची शक्यता एक्केचाळीस, चौतीस आणि सव्वीस टक्के दाखवली. बेरीज एकशे एक! हा जादा एक टक्का कोणाच्या मालकीचा, एवढेच विचारले होते. उत्तरादाखल समालोचकाचा सही केलेला फोटो आला आहे.

काल गुरुवार. एल्विन निघताना त्याचा मफलर नीट केला. तो दारातच थांबला. ‘बरं वाटत नाहीये का तुला?’ म्हणाला.

शनिवार, २ ऑक्टोबर

उपांत्य फेरीतही पहिला! एका डावात त्याच्याकडे एक्का-राणी, आणि समोरचा लंडनकर हूल देतो आहे हे मला काचेखालून स्वच्छ दिसत होते. एल्विन पाने टाकण्याच्या बेतात, बोटे पानांवर. मी ओरडले, ‘टाकू नकोस!’

त्याने टाकली नाहीत.

जुलैत घडून गेलेल्या गोष्टीला ऑक्टोबरात आज्ञार्थी क्रियापद. कोणत्याही भाषेच्या व्याकरणात हे बसत नाही. एल्विन मात्र मान वळवून म्हणाला, ‘ऐकलं बरं का मी.’

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

अंतिम फेरी आज दाखवतील, मी उद्या चारला पाहीन. मिसेस बेनन, पाववाला आणि पोस्टमन यांना तोंड बंद ठेवण्याची समज दिली आहे. निकाल मला ठाऊक आहेच. प्रश्न शिस्तीचा आहे.

शनिवार, ९ ऑक्टोबर

सकाळी पाववाल्याने पैसे घेतले नाहीत, आणि माझ्याकडे पाहिलेही नाही. अकरा वाजता मिसेस बेनन वेल्श केकची ताटली घेऊन आल्या. ‘मी काही बोलणार नाही हं, बाई,’ म्हणाल्या आणि माझा दंड दाबला. जिंकलेल्या घरात कोणी दंड दाबत नाही.

शेवटी दोघे उरले. एल्विन आणि लीड्सची बावीस वर्षांची मुलगी, जांभळ्या केसांची. चकत्या जवळजवळ सारख्या, तिच्या थोड्या जास्त. एल्विनला इस्पिकचा आणि बदामचा राजा. तिला नव्व्यांची जोडी. त्याने सगळ्या चकत्या पुढे सारल्या, तिनेही. एक्क्याऐंशी टक्के एल्विनचे! चार पाने उघडली — दुर्री, राणी, चौकी, दश्शी. तिचे काही जुळले नाही. न पाहिलेली पाने चव्वेचाळीस, त्यांत तिला तारणाऱ्या नव्व्या फक्त दोन. बावीसात एक. मी सोफ्यावरून उठले होते.

बदामची नव्वी.

पडद्यावर एल्विनने त्या मुलीशी हस्तांदोलन केले आणि तिचे केस छान आहेत असे सांगितले. सोफ्यावरच्या एल्विनने चहा ओतला.

‘तू तर जिंकला होतास,’ मी म्हटले.

‘मी हरलो म्हणून सांगितलं होतं तुला. दारुण.’

‘पण पेपरमिंट!’

‘अगं, लोक गाडीच्या आरशात बघतात का नाही, हे बघण्यात माझी तीस वर्षं गेली. महिनाभर तू माझ्या खिशाकडे बघत होतीस.’

‘म्हणजे सही मोडलीस तू! निकाल सांगितलास.’

‘सांगितला. पण तू कुठे मानलास?’

मग साखर ढवळत — ‘राग नको मानूस. जिंकलेल्या माणसाची बायको कशी वागते ते एकदा बघून घ्यायचं होतं. चार आठवडे बघितलं. छान वागते.’

मी ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे मला काही काम नव्हते.

रविवार, १० ऑक्टोबर

चर्चच्या पायऱ्यांवर मिसेस बेनन — ‘सगळं एकदम पुढे ढकलायची काय गरज होती हो? जरा दमानं घ्यायचं!’

मी त्यांना चव्वेचाळीस आणि दोन समजावून सांगितले. त्यांना समजेना. पुन्हा सांगितले. आवाज चढला असावा, कारण धर्मोपदेशक वळून पाहू लागले. ‘बेननबाई,’ मी म्हटले, ‘तुम्ही दोघांचीही पाने पाहून बोलता आहात. त्याला फक्त त्याची दिसत होती. तेवढ्यावर त्याने केले ते बिनचूक होते. त्या स्पर्धेतला सर्वांत बिनचूक डाव होता तो!’

घरी येताना एल्विन म्हणाला, ‘पत्त्यांविरुद्ध एक शब्द नाही. करार उलटा पाळतेयस तू.’

गुरुवार, १४ ऑक्टोबर

पहिला गुरुवार. एल्विनने साडेसहाला मसाल्यांच्या बाटल्या वर्णानुक्रमे लावल्या. त्या आधीपासून वर्णानुक्रमेच होत्या. साडेसातला मी म्हटले, ‘बोलू या काहीतरी.’ ‘बोल की,’ म्हणाला. दोघांनाही सुचले नाही.

अठ्ठावीस वर्षे मला हीच संध्याकाळ हवी होती.

सोमवार, १८ ऑक्टोबर

त्याला म्हटले, ‘गुरुवारी जा. मी काही म्हणणार नाही.’

‘नाही.’

‘मीच सांगते आहे ना!’

‘अगं, एका चुकीसाठी मी लोकांना नापास केलंय. कोणी रडलं म्हणून कधी पास केलं नाही. आणि आज स्वतःला सूट देऊ? सही केलीय मी, मॉर्विद.’

तो मला नावाने हाक मारतो तेव्हा विषय संपलेला असतो.

करार काढून पुन्हा वाचला. मुक्ततेचे कलमच नाही. मसुद्यात एकही पळवाट नाही. असले काम मी इतके चांगले का करते?

गुरुवार, २१ ऑक्टोबर

सहा वाजता इड्वल पास्क दारात. पावसात भिजलेला, टोपी हातात. त्याची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून तो अजूनही माझ्यासमोर ताठ उभा राहतो.

‘बाई, टेबल मोडायला आलंय. पाचच उरलो. त्यात ग्वाटकिनला ऐकू येत नाही. एल्विनशिवाय मजाच नाही. टीव्हीवर दिसल्यापासून तर जो तो त्याची खुर्ची दाखवा म्हणतो.’

‘मी त्याला जायला सांगितले आहे,’ मी म्हटले.

आतून एल्विन — ‘करार आहे रे, इड्वल!’

‘असला कसला करार? बाईंनी काय टेबल जाळायचं लिहिलंय का त्यात?’

‘फक्त मी बसायचं नाही, एवढंच. तू जा. पानं लवकर वाट, पाऊस वाढतोय.’

पास्क गेला. एल्विन खिडकीशी उभा राहून त्याला कोपऱ्यापर्यंत पाहत होता. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. मी होते. तो चेहरा हलला.

मग मी करार चौथ्यांदा वाचला. या वेळी एक एक शब्द, लॅटिन वाचावे तसा.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

आज सकाळी टपालात टाकलेल्या पत्राची नक्कल.

श्री. इड्वल पास्क यांस —

महोदय, आपल्या गुरुवारच्या टेबलावरील एक जागा रिक्त असल्याचे समजते. त्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे. अनुभव शून्य, अभ्यास रोज दोन तास. खेळ सुरू असताना एक खिडकी उघडी राहील, ही अट. माझे पती मला सोडायला येतील. त्यांना टेबलावर बसण्याची मनाई आहे. माझ्या खुर्चीमागे दुसरी खुर्ची टाकून माझी पाने पाहत बसण्याची नाही. कराराचा मसुदा मीच केला असल्याने हा अर्थ अंतिम समजावा. या पत्राविषयी त्यांना अद्याप काही माहीत नाही व आपणही सांगू नये. दुसरी खुर्ची मिळणार असेल तरच पहिली मला हवी आहे. उत्तर बुधवारपूर्वी यावे, लेखी. तोंडी निरोप ग्राह्य धरला जाणार नाही.

— मॉर्विद ट्रेहर्न, डी.फिल.