शिवादादा बरे आहेत

सोम., ५ जाने.
शिवादादा गेले. सांगलीत, विश्रामबागेला, लेकाकडे. वहिनींचा फोन आला. ह्यांच्या पलटणीतला जिवाभावाचा माणूस. वडूजची दूध संस्थाही दोघांनीच काढली. पुढे हे चेअरमन झाले, आणि भर सभेत ‘चुकतंय तुझं’ म्हणाले ते एकटे शिवादादा. तेव्हापासून घरात त्यांचं नाव काढायचं नाही. आता ह्यांना कोण सांगणार? बहिणीला बघून येते म्हणून सांगलीला निघालेय.

शुक्र., ९ जाने.
परत आले. गावभर कळलंय. आणि आज ह्यांनी बैठकीत आपणहून विचारलं, ‘शिवा कसा हाय रं?’ संस्थेचा मॅनेजर म्हणाला, ‘बरं हाईत की, साहेब.’ बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. मी चहाचे कप फिरवले.

मंगळ., १३, भोगी.
आता रोज विचारतात. उत्तरंही वाढत चाललीत. एकाला म्हणे दादा बाजारात भेटले. दुसरा म्हणतो, ‘तुमची लय आठवण काढत्यात.’ कुणी हसत नाही, कुणी कुणाकडे बघत नाही. ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलंय, की मी चुकून भलत्याच्याच मातीला जाऊन आले. भीती वाटते. ह्यांची नाही, म्हणजे ह्यांचीही.

रवि., १८
संस्थेची सभा. ठराव: निवडणूक नको, तहहयात चेअरमन हेच. अनुमोदक म्हणून ह्यांनी शिवादादांचं नाव पुकारायला लावलं. मागून आवाज आला, ‘अनुमोदन हाय.’
टाळ्या. मी वळून पाहिलं नाही. टाळ्या मात्र वाजवल्या.

सोम., १९
सकाळी धीर केला. ‘आवं, शिवादादा...’
‘गेला. ठावं हाय. त्याच दिशी त्याच्या पोराचा फोन आल्ता.’ बशीत चहा ओतत होते. ‘म्हटलं बघू, कोन सांगतं.’
मी चहाचं पातेलं उचलून आत ठेवलं.
‘कुनीच न्हाई सांगितलं. तूबी न्हाई. मंग मलाबी वाटाय लागलं, आसंल जिता. काल आवाज वळखलास न्हवं? त्योच हुता. गाडी धाडलीया त्याला आनाय.’
ड्रायव्हर ‘व्हय साहेब’ म्हणून कधीच गेला होता.
आणि मी, त्यांच्या चितेपाशी उभी राहिलेली बाई, काय बोलले? ‘सैपाकाला काय करू?’

दुपार. गाडी आत्ता अंगणात थांबली. गाडीची दारं दोन वाजली. गेला होता एकटा ड्रायव्हर.