सिझेरियनची रेघ

ताईसाहेब,

माझं सुटलेलं पोट कमी करायचे दोन्ही पर्याय डॉक्टरांनी समजावले. लायपोसक्शनमध्ये नुसती चरबी निघते, सैल कातडी लोंबतच राहते. टमी टकमध्ये ती कापून टाकतात आणि तिच्याबरोबर सिझेरियनची खूणही जाते. तू टमी टकसाठी का हटून बसलीस, ते तेव्हा कळलं.

माझी दोन्ही मुलं नॉर्मल झाली. सिझेरियन झालं ते तुझ्या लेकीच्या वेळी. नऊ महिने ती माझ्या पोटात होती आणि तू पोटाला उशी बांधून डोहाळे मिरवत होतीस.

मी लायपोसक्शनच करतेय. कातडी लोंबली तर लोंबू दे. सुट्टीत तुझी लेक माझ्याकडे येतेय. मागच्या वेळी तिने विचारलं होतं, "मावशी, ही रेघ कसली?" तेव्हा मी विषय बदलला होता.

हे पत्र पाठवत नाही. उगाच सावध होशील.

तुझ्या लेकीची, म्हणायला मावशी